दुधाचा डबा, जाहिरात आणि कायदा

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यान)



जाहिरात हा विषय कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात सहसा येत नाही. जमीन, मजुरी, भाववाढ, विस्थापितांचे पुनर्वसन या प्रश्नांपुढे तो किरकोळ वाटतो. फार तर शहरी मध्यमवर्गाची ती करमणूक किंवा कटकट आहे, असे मानून तो बाजूला सारला जातो. पण ज्या व्यवस्थेत माल गरजेसाठी नव्हे तर नफ्यासाठी तयार होतो, तेथे मालाबरोबर त्याची गरजही तयार करावी लागते. हे दुसरे काम जाहिरात करते. ते काम कोठपर्यंत चालू द्यावयाचे, हा प्रश्न म्हणूनच राजकीय आहे. त्याचे उत्तर हवेत शोधण्यापेक्षा एका मालाच्या इतिहासात शोधणे अधिक फलदायी ठरेल. तो माल म्हणजे तान्ह्या मुलांसाठी विकला जाणारा दुधाच्या पावडरीचा डबा.

जाहिरातीचे समर्थन करणारे नेहमी असे म्हणतात की, जाहिरात ग्राहकाला माहिती देते. निवड ग्राहकच करतो. माल वाईट निघाला तर तो पुन्हा घेत नाही. तेव्हा बाजारच खोटेपणाला शिक्षा करतो. साबण किंवा चपला यांच्या बाबतीत या युक्तिवादात काही तथ्य आहे. परंतु तो खरा ठरण्यासाठी तीन अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. वापरणाऱ्याला बोलता आले पाहिजे, विकत घेणाऱ्याला मालाची पारख करता आली पाहिजे आणि चूक झाली तर ती सुधारण्याची संधी राहिली पाहिजे. तान्ह्या मुलाच्या दुधाच्या बाबतीत या तिन्ही अटी कोसळतात. दूध पिणारे मूल बोलू शकत नाही. विकत घेणारी बाळंतीण थकलेली असते, स्वतःच्या दुधाविषयी साशंक असते आणि आजूबाजूच्या प्रत्येकाचा सल्ला ऐकत असते. झालेली चूक तर बहुधा दुरुस्त होतच नाही.

ती का होत नाही, हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण सगळा प्रश्न तेथेच आहे. आईचे दूध मुलाच्या चोखण्यावर अवलंबून असते. मूल जितके पिते तितके दूध तयार होते. पिणे कमी झाले की दूधही कमी होते. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत बाळंतिणीच्या हाती फुकटचा डबा दिला आणि मूल बाटलीला लागले, तर डबा संपेपर्यंत तिचे स्वतःचे दूध आटू लागलेले असते. मग पुढचा डबा विकत घ्यावाच लागतो. फुकट नमुन्याची किंमत अशी वसूल होते. गरीब घरात हा डबा परवडत नाही, म्हणून तो पुरवून पुरवून वापरला जातो. चार चमच्यांच्या जागी दोन चमचे पावडर पडते. पाणी शुद्ध नसते, बाटली उकळण्यापुरते सरपण नसते, डब्यावरच्या सूचना वाचता येत नाहीत. परिणामी मूल एकाच वेळी उपाशी राहते आणि हगवणीने आजारी पडते. डब्यातील पावडर कारखान्यातून निघताना निर्दोष असली तरी हे घडते. दोष मालाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, तो माल ज्या घरात आणि ज्या आश्वासनानिशी पोहोचविला जातो त्या विक्रीपद्धतीत असतो.

ही गोष्ट फार पूर्वीच लक्षात आली होती. डॉ. सिसिली विल्यम्स या ब्रिटिश वसाहतींत काम करणाऱ्या बालरोगतज्ज्ञ होत्या. १९३९ साली सिंगापूरच्या रोटरी क्लबपुढे त्यांनी जे भाषण केले, त्याचे शीर्षकच ‘दूध आणि खून’ या अर्थाचे होते. मुलांना अयोग्य दूध पाजण्याच्या दिशाभूल करणाऱ्या प्रचारामुळे होणारे मृत्यू हे खूनच समजले पाहिजेत, असे त्यांचे सांगणे होते. प्रतिष्ठित व्यापाऱ्यांच्या सभेत एका स्त्री डॉक्टरने हे सांगावे, ही धिटाईची गोष्ट होती. पण जग ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हते. पुढे आफ्रिका आणि आशियातील अनेक देश स्वतंत्र झाले, त्यांच्या शहरांत इस्पितळे उभी राहिली, आणि त्या इस्पितळांतून कंपन्यांनी नेमलेल्या ‘दूध परिचारिका’ वावरू लागल्या. त्यांचा पोशाख नर्सचा असे आणि काम विक्रेत्याचे. बाळंतिणीला पांढऱ्या पोशाखातील बाई डबा देते तेव्हा तो तिला औषधासारखा वाटतो. जाहिरात जाहिरातीच्या रूपात येते तेव्हा माणूस निदान सावध असतो. ती वैद्यकीय सल्ल्याचे रूप घेते तेव्हा सावध राहण्याचा मार्गच उरत नाही.

१९७४ साली ब्रिटनमधील ‘वॉर ऑन वाँट’ या संस्थेने माइक म्युलर यांची ‘द बेबी किलर’ ही पुस्तिका प्रसिद्ध केली. स्वित्झर्लंडमधील एका कार्यकर्त्या गटाने तिचे जर्मन भाषांतर काढले आणि शीर्षकात नेस्ले कंपनीचे नाव घालून ती मुले मारते असे म्हटले. कंपनीने बदनामीचा दावा लावला. १९७६ साली बर्नच्या न्यायालयाने शीर्षकाबद्दल कार्यकर्त्यांना प्रत्येकी ३०० स्विस फ्रँकचा दंड केला. मात्र त्याच वेळी कंपनीने आपल्या जाहिरातीच्या पद्धतींत मूलगामी बदल केला पाहिजे, असेही न्यायाधीशांनी बजावले. खटला कंपनीने जिंकला, पण कंपनीची विक्रीपद्धत जगाच्या चव्हाट्यावर आली.

यानंतरचा टप्पा बहिष्काराचा. ४ जुलै १९७७ रोजी अमेरिकेतील मिनिआपोलिस शहरातून नेस्लेच्या मालावरील बहिष्कार सुरू झाला आणि तो अनेक देशांत पसरला. चर्चच्या संघटना, विद्यार्थी, परिचारिका, गृहिणी असे नाना थरांतील लोक त्यात होते. १९७८ च्या मे महिन्यात अमेरिकन सिनेटच्या उपसमितीपुढे एडवर्ड केनेडी यांनी या प्रश्नाची सुनावणी घेतली. जेथे पाणी अशुद्ध आहे, लोक गरीब आहेत आणि सूचना वाचता येत नाहीत, तेथे आपल्या मालाचे काय होते हे शोधून काढण्याची जबाबदारी कंपनीवर आहे की नाही, असे त्यांनी कंपनीच्या ब्राझीलमधील प्रमुखाला विचारले. ती जबाबदारी आमच्यावर असू शकत नाही, अशा आशयाचे उत्तर आले. ‘सामाजिक बांधिलकी’ या शब्दाचा उद्योगपतींच्या सभांतून जेव्हा जेव्हा उच्चार होतो, तेव्हा तेव्हा या उत्तराची आठवण ठेवावी. उत्तर देणारा गृहस्थ दुष्ट होता असे मानण्याचे कारण नाही. विक्री वाढविणे हे ज्याचे नेमून दिलेले काम आहे, त्याला विक्री कोठे थांबवावी हे ठरविण्याचा अधिकारही नसतो आणि प्रेरणाही नसते. म्हणून ती मर्यादा बाहेरून घालावी लागते.

ती मर्यादा आपणच आपल्यावर घालून घेऊ, असे उद्योगाने सांगून पाहिले. १९७५ सालीच काही कंपन्यांनी एकत्र येऊन स्वतःची आचारसंहिता जाहीर केली होती. ती मोडली तर शिक्षा कोणती आणि ती देणार कोण, या प्रश्नांना तिच्यात समाधानकारक उत्तर नव्हते. शेवटी २१ मे १९८१ रोजी जिनिव्हा येथे जागतिक आरोग्य परिषदेने मातेच्या दुधाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थांच्या विक्रीविषयी आंतरराष्ट्रीय संहिता मंजूर केली. बाजूने ११८ मते पडली, तटस्थ तिघे राहिले आणि विरोधात एकच मत पडले. ते मत अमेरिकेचे होते. व्यापाराच्या आणि भाषणाच्या स्वातंत्र्यावर ही संहिता घाला घालते, ही त्या विरोधामागची भूमिका. ज्या देशाच्या सिनेटमध्ये कंपन्यांना जाब विचारला गेला, त्याच देशाच्या सरकारने जगात एकटे पडूनही कंपन्यांची बाजू घ्यावी, यातून सत्ता कोणाच्या बाजूने झुकते हे दिसले.

ही आंतरराष्ट्रीय संहिता कोणत्याही देशावर आपोआप बंधनकारक नव्हती. प्रत्येक देशाने तिला कायद्याचे रूप द्यावयाचे होते. भारताने १९८३ साली राष्ट्रीय संहिता स्वीकारली. पण संहितेला दात नसतात. कायदा होण्यास आणखी नऊ वर्षे गेली. त्या काळात बालरोगतज्ज्ञ, ग्राहक संघटना आणि स्त्री-संघटना यांनी हा विषय धरून ठेवला. मुंबईत डॉ. आर. के. आनंद यांच्या पुढाकाराने ‘अकॅश’ ही ग्राहकांच्या आरोग्याचे व सुरक्षिततेचे प्रश्न हाती घेणारी संस्था काम करीत होती. ३ डिसेंबर १९९१ रोजी वर्धा येथे स्तनपानाच्या प्रसारासाठी देशव्यापी जाळे उभारणाऱ्या ‘बीपीएनआय’ या संस्थेची स्थापना झाली. अखेर १९९२ साली संसदेने अर्भकांसाठीचे दुग्धपर्याय, दुधाच्या बाटल्या आणि शिशुआहार यांचे नियमन करणारा कायदा संमत केला व १ ऑगस्ट १९९३ पासून तो अंमलात आला.

या कायद्याची रचना अभ्यासण्यासारखी आहे. जाहिरातींविषयीचे बहुतेक कायदे खोटी जाहिरात करू नका, एवढेच सांगतात. हा कायदा दुधाच्या पर्यायाची आणि बाटलीची जाहिरातच करू नका, असे सांगतो. फुकट नमुने, भेटवस्तू आणि आमिषे यांना त्याने बंदी केली. विक्री वाढविण्यासाठी गर्भवतीशी अथवा तान्ह्या मुलाच्या आईशी संपर्क साधण्यास मनाई केली. डब्यावर गुटगुटीत बाळाचे किंवा बाईचे चित्र नको, आईच्या दुधाशी साम्य सुचविणारे शब्द नकोत, उलट आईचे दूधच बाळासाठी सर्वोत्तम आहे हे ठळक अक्षरांत छापलेच पाहिजे, असा दंडक घातला. इस्पितळाच्या भिंती कंपनीच्या फलकांसाठी बंद केल्या. विक्रीच्या प्रमाणात नोकरांना कमिशन देण्यास मनाई केली. जाहिरात आणि आमिषे यांविषयीची बंधने मोडणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा ठेवल्या. २००३ साली दुरुस्ती होऊन दोन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीचा शिशुआहारही जाहिरातबंदीखाली आला, आणि डॉक्टरांच्या संघटनांना परिषदा, स्पर्धा, संशोधन यांसाठी कंपन्यांचा पैसा घेण्याची वाटही बुजविण्यात आली.

येथे एका नाजूक मुद्द्याचा उल्लेख केला पाहिजे. म्हशीच्या दुधापासून शिशुआहाराची पावडर तयार करणे हा आणंदच्या सहकारी चळवळीचा अभिमानाचा विषय होता. परदेशी कंपन्यांच्या मक्तेदारीला ते सडेतोड उत्तर होते. तथापि कायद्याने सहकारी डबा आणि परदेशी डबा असा भेद केला नाही आणि ते योग्यच झाले. मालकी शेतकऱ्यांची असली तरी बाळंतिणीपुढे डबा हा डबाच असतो. सहकार किंवा स्वदेशी ही नफ्याच्या न्याय्य वाटपाची हमी असू शकते. जाहिरातीच्या नीतिमत्तेची हमी ती आपोआप होत नाही.

जाहिरातबंदीने भाषणस्वातंत्र्याचा भंग होतो काय, हा प्रश्न आपल्या न्यायालयांपुढे वेगळ्या निमित्ताने आला होता. जादूटोण्याच्या व चमत्कारी औषधांच्या जाहिरातींना आळा घालणाऱ्या १९५४ च्या कायद्याला हमदर्द दवाखान्याच्या खटल्यात आव्हान देण्यात आले. १९५९ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने कायद्यातील काही तरतुदी रद्द केल्या. परंतु औषधाची व्यापारी जाहिरात ही विचारप्रसाराच्या कोटीत बसत नाही, असे तत्त्व सांगितले. पुढे १९९५ साली टाटा प्रेसच्या खटल्यात त्याच न्यायालयाने व्यापारी भाषणालाही घटनेच्या १९ व्या कलमाचे संरक्षण आहे असे मान्य केले, आणि फसव्या व दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर मात्र बंदी घालता येते हेही स्पष्ट केले. समाजवाद्यांनी भाषणस्वातंत्र्याची बाजू नेहमी हिरिरीने मांडली आहे, आणीबाणीत त्यासाठी तुरुंगवास सोसला आहे. म्हणूनच त्यांनी हा भेद स्वच्छपणे सांगितला पाहिजे की, नागरिकाचे सत्तेविरुद्ध बोलणे आणि भांडवलाचे बाळंतिणीच्या कानात बोलणे या दोहोंना एकाच तागडीत तोलता येणार नाही.

या कायद्यावर एक प्रामाणिक आक्षेपही घेतला जातो. काही मातांना खरोखरच दूध पाजता येत नाही. काही मुलांची आई दगावलेली असते. काही मुले दत्तक आलेली असतात. त्यांनी काय करावे? आक्षेप रास्त आहे, पण तो या कायद्याला लागू पडत नाही. कायद्याने डब्याच्या विक्रीवर बंदी घातलेली नाही. गरज असेल तेथे आरोग्यसेवकाच्या सल्ल्याने तो वापरावा, असे डब्यावरच लिहिलेले असते. शिवाय दुसरे मार्गही आहेत. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. महापालिकेच्या इस्पितळात, गरीब मातांनी दिलेल्या दुधावर, अपुऱ्या दिवसांची मुले वाढविण्याचे हे काम बाजाराबाहेर उभे राहिले. तसेच स्तनपान न करणाऱ्या आईला अपराधी ठरविण्याचा अधिकार या कायद्याने कोणालाही दिलेला नाही. कायद्याचा रोख विकणाऱ्यावर आहे, आईवर नाही. कार्यकर्त्यांनी प्रचार करताना हे भान सोडता कामा नये.

आता कायद्याच्या मर्यादांकडे वळावयास हवे. पहिली मर्यादा अशी की, विक्रीपद्धती कायद्यापेक्षा चपळ असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली डिजिटल जाहिरातींचा अभ्यास प्रसिद्ध केला. २०२१ च्या पहिल्या सहा महिन्यांतील समाजमाध्यमांवरील सुमारे ४० लाख मजकूर त्यासाठी तपासले गेले. दूध पावडरीच्या कंपन्यांची खाती दिवसाला सुमारे ९० वेळा मजकूर टाकीत आणि तो २२ कोटी ९० लाख लोकांपर्यंत पोहोचे, असे त्यात आढळले. पूर्वीची दूध परिचारिका इस्पितळात येत असे; आता ती मातांचा गट, सल्ला देणारी सेवा किंवा एखादी लोकप्रिय व्यक्ती होऊन मोबाईलमध्ये येते. आपल्या कायद्यातील जाहिरातीच्या व्याख्येत इलेक्ट्रॉनिक प्रसारणाचा समावेश आहे, हे खरे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने केंद्रीय प्राधिकरण नेमून दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी १० लाखांपर्यंत, व पुन्हा गुन्हा घडल्यास ५० लाखांपर्यंत दंडाची तरतूद केली, हेही खरे. परंतु पडद्यावर क्षणभर दिसून नाहीशा होणाऱ्या जाहिरातीचा पुरावा जपून ठेवणारा कोणी नसेल, तर कलमे कागदावरच राहतात.

दुसरी मर्यादा अधिक खोल आहे. कायदा चुकीचा आवाज बंद करू शकतो. आईला वेळ, विश्रांती आणि मदत देऊ शकत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील ८८.६ टक्के बाळंतपणे दवाखान्यांत झाल्याचे आढळले. म्हणजे जन्मवेळी डॉक्टर किंवा नर्स जवळ होती. तरी जन्मानंतर तासाभरात आईचे दूध मिळालेली मुले ४१.८ टक्केच होती, आणि सहा महिन्यांखालील केवळ आईच्या दुधावर असलेली मुले ६३.७ टक्के. पहिल्या तासातील ही मोठी तूट केवळ कंपन्यांच्या माथी मारता येणार नाही. गर्दीचे वॉर्ड, परिचारिकांच्या रिकाम्या जागा, वाढती सिझेरियन, घाईने घरी पाठविण्याची रीत यांचाही त्यात वाटा आहे. २०१७ च्या दुरुस्तीने नोकरदार स्त्रीला २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली. पण ती दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांत. उसाच्या फडात कोयता चालविणारी, बांधकामावर विटा वाहणारी, चार घरी धुणीभांडी करणारी आई या हिशेबाबाहेरच राहिली. तिला आईच्या दुधाचे महत्त्व सांगावयाचे आणि मुलाला पाजावयास जाईल तेवढ्या वेळाची मजुरी कापावयाची, ही समाजाची लबाडी आहे. जिच्यापाशी वेळ नाही, तिला जाहिरातीवाचूनही बाटली गाठतेच.

मग कार्यकर्त्याने करावयाचे काय? या कायद्याचे एक वैशिष्ट्य असे की, सरकारने अधिकार दिलेल्या स्वयंसेवी संस्थेच्या प्रतिनिधीलाही न्यायालयात थेट फिर्याद करता येते. अकॅश आणि बीपीएनआय यांना असा अधिकार देण्यात आला. म्हणजे गावोगावचा पुरावा जर या संस्थांपर्यंत किंवा अन्न प्रशासनाच्या अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचला, तर कायदा हलू शकतो. तालुक्यातील प्रसूतिगृहात कंपनीचे कॅलेंडर लटकते आहे काय, औषधाच्या दुकानात डब्यावर सूट किंवा भेटवस्तू जाहीर झाली आहे काय, डॉक्टरांच्या मेळाव्याच्या मांडवावर कोणाचे नाव आहे, बाळंतिणीच्या मोबाईलवर कोणाचा सल्ला येतो, हे पाहणे अवघड नाही. जे दिसेल त्याचे छायाचित्र घ्यावे, तारीख व ठिकाण टिपून ठेवावे आणि तक्रार लेखी करावी. आशा व अंगणवाडी सेविकांना या कायद्याची माहिती द्यावी, कारण बाळंतिणीच्या उंबरठ्यावर त्याच सर्वांत आधी पोहोचतात. त्यांच्या मानधनाच्या लढ्यात सहभागी होणे हेही याच कामाचे अंग आहे. आणि फडावर, बांधकामावर, वसाहतीत पाळणाघराची मागणी करताना ती दयेची बाब म्हणून न मांडता मुलाच्या अन्नाच्या हक्काची बाब म्हणून मांडावी.

सिंगापूरच्या त्या भाषणापासून भारताच्या कायद्यापर्यंत ५३ वर्षे लागली. या अवधीत एकाही टप्प्यावर बाजाराने आपण होऊन पाऊल मागे घेतले नाही. प्रत्येक वेळी कोणी तरी पुस्तिका छापली, खटला अंगावर घेतला, कॉफीची बरणी दुकानात परत ठेवली किंवा संसदेच्या सभासदांचे उंबरे झिजविले. कायदा त्यांनी मिळवून दिला. तो राबविला जातो की नाही, हे पाहण्याचे काम त्यांच्यामागून येणाऱ्यांचे आहे.